समजा तोच

२ डिसेंबर, मंगळवार

आज दुपारी पुन्हा एक पाहिला. हे कोर्टात गेले, भांडेवाली गेली, मग दाराला आतून कडी लावून पाहिला. बी.ए.ला मराठी घेतलेली, वाचनालयाच्या समितीवरची, वकिलाची बायको, वय वर्षं चोपन्न, आणि कडी लावून पाहते काय, तर बर्फातलं प्रेम! लिहितानाही लाज वाटते आहे. पण कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला राहवत नाही, हा माझा जुनाच रोग.

क्षितिज दिवाळीला आला तेव्हा टीव्हीच्या मागे बोटाएवढं काहीतरी खोचून गेला. "आई, आता तुला पाहिजे तेव्हा नाटकं पाहता येतील." नाटक मी एक पाहिलं, तेही अर्धं. त्याच्याच खाली या सिनेमांची रांग लागलेली होती. गोरे लोक, हिंदीत बोलणारे. थिएटरसाठी नाही, खास टीव्हीसाठीच करतात म्हणे हे. आपण उन्हाळ्यात पापड घालतो तसे तिकडे नाताळाच्या आधी घाऊक घालत असावेत, कारण चव सगळ्यांची एकच.

गोष्ट अशी. मुलगी मोठ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर. तिचा होणारा नवरा सतत फोनवर. ती काही कामानं आपल्या छोट्या गावी येते. तिथं एक चौकड्याच्या शर्टातला माणूस. तो एकतर केक भाजतो, नाहीतर नाताळाची झाडं विकतो. त्याच्याकडे कुत्रा असतो किंवा छोटी मुलगी. मुलगी असली तर बायको वारलेली असते. एक आजीबाई असते, तिला पहिल्यापासून सगळं कळलेलं असतं. बर्फ पडतो, पण कुणाच्या खांद्यावर विरघळत नाही. हातातले कॉफीचे पेले रिकामे असतात, हे मी पैजेवर सांगते. भरलेला पेला हातात धरून कुणी असे हातवारे करत नाही. संपायच्या जरा आधी गैरसमज होतो आणि शेवटच्या मिनिटाला पापी. ती एकच. तिथं सिनेमा संपतो.

इतकं भिकार आहे. उद्या दुसरा पाहीन.

५ डिसेंबर, शुक्रवार

पकडले गेले.

समीक्षा आली होती. शेजारच्या विठ्ठलरावांची धाकटी. पुण्याला कंपनीत आहे. पावसाळ्यात चार दिवसांसाठी म्हणून आली ती राहिलीच. कंपनी घरून काम करू देते म्हणे. त्यांच्याकडे लाईट गेली की ती लॅपटॉप घेऊन आमच्या इन्व्हर्टरवर येते. तिनं कडी वाजवली तेव्हा मी टीव्ही बंद केला, पण नाताळाच्या घंटा तिनं दारातूनच ऐकल्या होत्या.

"काकू, बर्फवाला नं?"

मी म्हटलं, "बातम्या होत्या."

पोरगी इतकी हसली की मलाही हसू आलं. म्हणाली, पुण्याच्या खोलीवर आम्ही सगळ्या मैत्रिणी हेच पाहायचो, लावा. मग उरलेला दोघींनी मिळून पाहिला. लाज वाटून घ्यायला जोडीदार मिळाला की ती अर्धी होते, असं दिसतं. रिकाम्या पेल्यांची गोष्ट तिला दाखवली. तिनं मला दुसरीच एक दाखवली.

"काकू, एक पाहा. अख्ख्या सिनेमात कोणी कोणाले आडनाव विचारत नाही."

खरंच की. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पोरगी हुशार आहे.

१० डिसेंबर, बुधवार

आमची भिशी दर महिन्याच्या दहा तारखेला असते. या वेळी निकिताकडे होती. निकिता म्हणजे किराणा लाईनीतली नवी सून. तोंडाची फटकळ, पण कचोरी उत्तम करते. चिठ्ठी निघाली, खाणं झालं, आणि तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "मंजूकाकू, दुपारी तुमचा फोन काहून लागत नाही?" मी सांगून मोकळी झाले. वाटलं, आता हसतील. पण सगळ्या मागंच लागल्या, सांगा, एखादी स्टोरी सांगा.

आता गोरी माणसं नि बर्फ या बायांना काय सांगणार? मी सगळं आपल्या दारव्ह्यात आणलं. बर्फाच्या जागी धुकं. केकवाल्याच्या जागी टोस्ट-खारीवाला. झाडावर दिवे लावायचा सोहळा होता, तिथं गणपतीची आरास. मुलगी शहरातून बर्फगाडीनं येते, ती मी यवतमाळहून काळीपिवळीत, पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या बाजूला कोंबून आणली. बाया अशा हसल्या की निकिताची सासू आतून बघायला आली. आणि शेवटाला, खरं सांगते, दोघींनी डोळे पुसले.

इंदुताई, म्हणजे समीक्षाची आई, परतताना माझा हात धरून चालत होत्या. "मंजू, तू तं टीव्हीपरीस बरी सांगते वं." इंदुताईंशी माझी बावीस वर्षांची ओळख. उगाच कौतुक करणारी बाई नाही ती. घराशी आल्यावर मला गच्चीवर नेऊन आपल्या कुंड्या दाखवल्या. हल्ली त्यांना झाडांचा नाद लागला आहे. समीक्षा दर बाजाराला एखादी कुंडी आणते, आणि पाणी घालायचं काम इंदुताईंचं. "पोट्टीले हौस, मले काम," म्हणाल्या, पण चेहरा फुललेला होता.

मला आज फार बरं वाटलं. लग्नाआधी मी कॉलेजात कथाकथनात बक्षिसं घेत असे, हे आमच्या घरात कुणाला आठवत नाही.

२० डिसेंबर, शनिवार

आज पाहिलेला सिनेमा पार रद्दी. नायकाचा झाडांचा मळा लिलावात जाणार, आणि नायिका काय करते, तर मेणबत्त्या विकून तो वाचवते! मी म्हटलं, याच्यापेक्षा बरी गोष्ट आपण दोघी इथं बसून रचू.

समीक्षा म्हणाली, "रचा."

"नायक कोण?"

"मळेवालाच असू द्या. झाडांचा." थोडा वेळ लॅपटॉपच्या झाकणावर नख घासत होती. मग म्हणाली, "काकू, तो तिले काहीच देऊ शकत नाही नं. फुलं दिली तं घरचे विचारतील, अंगठी दिली तं विचारतील. म्हणून तो दर बाजाराले तिले एक कुंडी देते. ती घरी घेऊन येते, विकत आणली म्हणते. आणि तिची आईच तिले रोज पानी घालते. कळी आली का शेजारच्यांले बोलावून दाखवते."

मी टाळी दिली. काय सुचलं आहे! आपल्याच आईचा नाद उचलून त्यात घातला वात्रट पोरीनं. म्हटलं, "आणि शेवट?"

"शेवट नाही सुचला," म्हणाली.

मी तिला सांगितलं, शेवटाचं काय एवढं, आईला कळतं, आई रडते, मग हसते. ती म्हणाली, "असं होते काकू?" मी म्हटलं, सिनेमात तर रोजच होतं.

२७ डिसेंबर, शनिवार

सर्दी. सिनेमा नाही. समीक्षा काढ्याची पुडी घेऊन आली नि पायाशी बसली. इकडचं तिकडचं बोलताना एकदम म्हणाली, "काकू, क्षितिजदादानं कोणी वेगळीच मुलगी आणली असती तर?"

मी म्हटलं, "आधी आडनाव विचारलं असतं, मग चहाचं."

माझ्या मते विनोद बरा होता. ती हसली, पण जरा वेळानं. मग मीटिंग आहे म्हणून गेली. पोरांच्या कंपन्या शनिवारीही सोडत नाहीत.

१० जानेवारी, शनिवार

आज भिशी आमच्याकडे. सकाळपासून पाय मोकळे नाहीत, पण असा दिवस माझ्या वाट्याला कितीतरी वर्षांनी आला. लिहून ठेवते.

चिठ्ठी काढायच्या आधीच सगळ्या म्हणाल्या, आधी स्टोरी. मी आमची रचलेली सांगितली, सिनेमातली म्हणूनच. झाडांचा मळा म्हणजे आपली दिग्रस रोडवरची नर्सरी. मुलगी पुण्याची न करता नागपूरची केली. कुंड्या आल्या, पाणी घालणारी आई आली. आईचं सोंग मी उभं राहून केलं, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. "अगं बाई, कळी आली, कळी आली!" निकिता तर लोळायची बाकी होती.

तिनंच मधे विचारलं, "नर्सरीवाला कोन्ता पन काकू? तो इंद्रजित राठोड?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी भुवया उडवून म्हटलं, "समजा तोच."

काय टाळ्या पडल्या! इंद्रजितला सगळ्या ओळखतात. तांड्यावरचा मुलगा, शेतकीचा डिप्लोमा केलेला, पपईची रोपं नेताना सगळ्यांना ताई-मावशी करणारा. तो नायक म्हटल्यावर गोष्टीला एकदम रंग चढला. कोणीतरी म्हणालं, "इंदुताई, तुमच्याही गच्चीवर लय कुंड्या झाल्या म्हन्ते!" इंदुताई हसल्या. मी शेवट असा सांगितला की निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं.

इंदुताईंची तेवढी गंमत झाली. चिठ्ठी निघायच्या आत उठल्या. "गॅसवर दूध ठेवून आली व मी," म्हणाल्या. ताटलीतला ढोकळा तसाच. माणसं वयानं विसराळू होतात.

हे संध्याकाळी म्हणाले, बाहेर रस्त्यापर्यंत तुमचा आवाज येत होता. मी म्हटलं, येऊ द्या.

१२ जानेवारी, सोमवार

शेजारी सकाळपासून आवाज. विठ्ठलरावांचा आवाज मी इतक्या वर्षांत कधी भिंतीच्या अलीकडे ऐकला नव्हता. नंतर घंटागाडी आली. विठ्ठलराव स्वतः गच्चीवरून कुंड्या आणत होते आणि गाडीत टाकत होते, मातीसकट, फुलांसकट. गाडीवाला म्हणाला, "मालक, माती नाही चालत." त्यांनी ऐकलं नाही. जास्वंदीची एक कुंडी फुटली तिची माती अजून रस्त्यावर आहे. इंदुताई दारात उभ्या होत्या. माझ्या खिडकीकडे त्यांनी एकदा पाहिलं. मी मागं सरले.

दुपारी निकिताचा फोन. "काकू, तुम्ही तं कमाल केली! तुम्हाले कोनी सांगतलं होतं?"

मी विचारलं, काय सांगितलं होतं?

तेव्हा मला कळलं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले.

१३ जानेवारी, मंगळवार

समीक्षाचा फोन काढून घेतला आहे. लॅपटॉपवर काम करते ते वडिलांच्या समोर बसून. अमरावतीचं एक स्थळ दिवाळीपासून रेंगाळत होतं, त्यांना बोलावणं गेलं. हे सगळं मला आमच्या भांडेवालीनं सांगितलं. गावाला आज मी विचारून माहिती मिळवते आहे, आणि परवापर्यंत गाव माझ्याकडून घेत होतं.

मला माहीत नव्हतं. काल रात्रभर हेच घोकलं. पोरीनं सिनेमाची गोष्ट म्हणून सांगितली, मी सिनेमाची गोष्ट म्हणून ऐकली.

पण ते पुरतं खरं नाही. इंदुताईंनी कुंड्या मला हातानं दाखवल्या होत्या. समीक्षानं शेवट सुचत नाही म्हटलं तेव्हा तिचा आवाज कसा होता, ते मला आजही ऐकू येतं. म्हणजे तेव्हाही ऐकू आलाच असेल. ती दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकत नव्हती म्हणून माझ्याकडे येत होती, आणि मला वाटत होतं, इन्व्हर्टरसाठी येते. आणि निकितानं नाव घेतलं तेव्हा? "नाही गं, कोणीतरी परदेशी," एवढं म्हणायला काय पडलं होतं? मनात किंचित काहीतरी हललं होतं. हललं होतं, हे नाकारून चालणार नाही. पण बारा बायांचे डोळे माझ्यावर होते आणि मला ते सोडवले नाहीत.

बक्षिसं घेणारी! थू.

१५ जानेवारी, गुरुवार

इंदुताईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बोलावणं गल्लीत सगळ्यांना, म्हणजे मलाही होतंच. न जावं तर बाया म्हणणार, का नाही आली? जावं तर तोंड कुठं घेऊन जावं? गेले.

इंदुताईंनी मला हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाणाची स्टीलची वाटी दिली. सगळं बाकीच्यांसारखंच, काही कमी नाही. फक्त "गोड बोल" म्हणाल्या नाहीत. माझ्या पुढच्या बाईला म्हणाल्या, मागच्या बाईला म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, माह्यं ऐका जरा." त्या म्हणाल्या, "मागं लाईन हाये."

समीक्षा दिसली नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

टीव्हीमागचं ते यंत्र मी उपसून कपाटात टाकलं आहे. ह्यांनी विचारलं तर बिघडलं म्हणाले.

आज इंदुताई आल्या. हे असताना आल्या नाहीत, ते बाजारात गेल्यावर आल्या. बसल्या नाहीत.

"अमरावतीवाल्यायचा होकार आला. पन त्यायच्या कानावर गेलं मंजू. निकिताची मावशी थितंच रायते. आता ते विचारून राह्यले का हे काय प्रकरन हाये."

मी पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले.

"मले ते नको. दहा तारखेले भिशी माह्याकडे हाये. सगळ्यायसमोर सांग का ते सिनेमातलंच होतं. तुह्या मनचं. आमच्या पोट्टीचा त्यात काही संबंध नाही. तू सांगतलं का बाया मानतात. तुह्याच तोंडून गेलं, तुह्याच तोंडून वापस घे."

"आणि समीक्षा? तिचं म्हणणं काय आहे?"

इंदुताई दारापर्यंत गेल्या होत्या. वळल्या. "तुले तिच्या मनचं एवढं ठाऊक होतं, तं मले येऊन काहून नाही सांगतलं? बारा जनींत तांब्या घेऊन नाचताना मी मलेच पाह्यलं."

नाही म्हणायचा हक्क मला नव्हता. हो म्हटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

गच्चीवर कपडे वाळत घालताना समीक्षा तिच्या गच्चीवर दिसली. वाळली आहे. कुंड्यांच्या जागी गोल डाग पडले आहेत, ती झाडूनं ते घासत होती. खाली कोणी नाही असं पाहून मी कठड्याशी गेले.

"समीक्षा, मला माफ कर." ती घासत राहिली. "परवा आई म्हणते तसं सांगू का? तू नको म्हणालीस तर नाही सांगणार."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. तिनं नको म्हटलं असतं तरी मी इंदुताईंना घाबरून सांगितलंच असतं. तिलाही ते कळलं असावं.

"तुम्हाले जमेल तसं सांगा काकू," ती म्हणाली. "तुमचं सांगणं सगळ्यांले आवडते."

रागावली असती तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं.

म्हटलं, मागच्या वेळची गोष्ट पूर्ण परदेशी होती, तिकडे नाताळाच्या झाडांचे मळे असतात म्हणून मी नर्सरी म्हटलं, इंद्रजितचं नाव निकितानं घेतलं नि मी गमतीत ओढलं. कुंड्या इंदुताईंच्या पाहून सुचल्या. चूक माझी, माझ्या जिभेला हाड नाही. पोरीचा काडीचा संबंध नाही. इतकं नीट सांगितलं की मलाच ते पटलं.

बायांचे चेहरे निवळले. निकिता म्हणाली, "मी म्हन्लंच होतं, समीक्षाताई अशी नाही." तिनं असं कधीही म्हटलं नव्हतं. इंदुताईंनी एक लांब श्वास सोडला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या ताटलीत स्वतःच्या हातानं वाढलं. समीक्षा चहाचा ट्रे घेऊन फिरत होती. मला कप देताना हात अगदी स्थिर होता.

हे इथं थांबलं असतं तर मी कदाचित झोपू शकले असते. पण निकिता म्हणाली, "मंग आता नवीन सांगा नं काकू!" आणि सगळ्या म्हणाल्या, सांगा, सांगा, इंदुताईसुद्धा. मी नाही म्हणायला पाहिजे होतं.

मी सांगितली. बाया हसल्यासुद्धा.

२५ फेब्रुवारी, बुधवार

अमरावतीचं ठरलं. मे महिन्यात लग्न. घर निर्धास्त झालं आहे, समीक्षाला फोन परत मिळाला, बाहेरही जाऊ देतात. आज दुपारी ती आमच्याकडे आली. मी चटकन चहा ठेवायला उठले, ती म्हणाली, बसा.

"काकू, आम्ही यवतमाळले नोटीस दिली. मागच्या आठवड्यात. महिना झाला का रजिस्टर लग्न होते. तीन साक्षीदार लागतात. त्याच्याकडून एक मित्र आहे, एक त्याची मावशी, बिजलीबाई. माझ्याकडून कोणीच नाही."

मला कळायला वेळ लागला. मग मी विचारू नये ते विचारलं. "मीच का?"

"आमच्या घरातलं कोणी येणार नाही. मैत्रिणी पुण्यात. आणि तुम्हालेच तं सगळं माहीत आहे." मग म्हणाली, "तुमच्यावर माझा राग आहे काकू. तो गेला म्हणून नाही आली मी. मी त्यांले स्वतः सांगणार होती. संक्रांतीनंतर. बाबांचा स्वभाव मले माहीत आहे, हळूहळू, आधी आईले, मग आईनं बाबांले. तो पण येणार होता घरी. ते राहूनच गेलं. आता पळून गेल्यासारखं करावं लागून राह्यलं."

मी म्हटलं, काकांना सांगू का, ते वकील आहेत, काही मदत होईल. ती म्हणाली, "नका सांगू. बाबा पहिले काकांकडेच येतील, काकांले खोटं बोलावं लागेल."

खोटं बोलायला मी आहेच, हे ती बोलली नाही. येते म्हणाले.

२३ मार्च, सोमवार

ह्यांना आणि इंदुताईंना सांगितलं, यवतमाळला दात काढायला जाते. तोंडाला मास्क लावून काळीपिवळीत बसले, ओळखीचं कोणी नको म्हणून मागच्या सीटवर. समीक्षा घरी नागपूरला कंपनीची मीटिंग आहे, उद्या येते असं सांगून पहाटेच निघालेली.

कार्यालयात गर्दी होती. इंद्रजितनं पांढरा शर्ट घातला होता, नवा, घडीच्या रेघा तशाच. मला पाहून उठून उभा राहिला, वाकून नमस्कार केला. "काकू, तुम्ही आल्या, लय झालं," म्हणाला. मी याच्या नावावर टाळ्या घेतल्या होत्या. बिजलीबाईंनी समीक्षासाठी घरून हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. बाकावर बसूनच तिच्या हातात चढवल्या, साबण नव्हता म्हणून बाटलीतल्या पाण्यानं. ते काम मुलीकडच्या बाईचं असतं. मी शेजारी बसून बघत होते, मला सुचलंसुद्धा नाही.

सह्या करताना टेबलामागच्या साहेबांनी आधार कार्ड पाहत विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?"

समीक्षा माझ्याकडे बघत होती. पाचव्या वर्षापासून ती मला काकू म्हणते आहे. माझ्या तोंडून आलं, "शेजारीण." साहेबांनी मान डोलावली. समीक्षानं सही करायला पेन पुढं केलं.

निघताना तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं. ती म्हणाली, "संध्याकाळी सात वाजता आईले फोन करते. तुम्ही तेव्हा घरी असा काकू. आईले एकटं नका राहू देऊ." म्हणजे तिनं मला आणखी एक काम दिलं, आणि ते मला कसं जमावं, याचा विचार करत मी परत आले.

मला जावं लागलं नाही. साडेसहाला इंदुताईच आल्या, हातात डबा. "दात काढला म्हन्ते नं, मऊ खिचडी आनली तुह्यासाठी. तिखट नाही टाकलं. गरम हाये तं खाऊन घे." माझ्यासमोर बसल्या. मी खाऊ लागले. दात जागेवर होता म्हणून एका बाजूनं चावत खाल्ली, तोंड जरा वाकडं करून. "दुखते?" म्हणाल्या. मी मान हलवली. मग मे महिन्याचं बोलू लागल्या. साड्या कुठून घ्यायच्या, आचारी कोण. "तुह्यावर लय रागावली होती वं मी," म्हणाल्या. "पन तू निस्तरलं. कोनी निस्तरत नाही इतकं." माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी सांगायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"समीक्षाचा हाये. मीटिंग आटपली असन." आत रेंज नाही म्हणून त्या बोलत बोलत अंगणात गेल्या, मग फाटकाबाहेर. आईला एकटं ठेवू नका म्हटलं होतं तिनं, तरी मी ताटावरून उठले नाही. आधी त्यांचा आवाज येत होता. मग आला नाही. मग त्यांच्या घराचं दार लागल्याचं ऐकू आलं.

आता आठ वाजले. हे आले, जेवायचं काय विचारून गेले. इंदुताईंचा डबा मी धुऊन पुसून ओट्यावर ठेवला आहे. शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, काहीतरी घालून द्यायचा. घरात गूळ आहे, रवा आहे, परवाच्या शेवया आहेत. मघापासून कपाट उघडते आहे आणि लावते आहे. काय घालून देऊ, ते मला कळत नाही.